खेळाच्या तासाची सवलत
(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दरवर्षी जून महिन्यात शाळा उघडली की कार्यालयात एका ठरावीक मायन्याचे अर्ज येऊ लागतात. ‘माझ्या पाल्याच्या पायात दोष असल्यामुळे त्यास शारीरिक शिक्षणाच्या तासातून सवलत मिळावी.’ ‘माझ्या मुलीस कमी दिसत असल्याने तिला चित्रकलेची सक्ती करू नये.’ सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र असते. वर्गशिक्षक शिफारस करतात, अर्जावर ‘मंजूर’ असा शेरा पडतो आणि तो फाइलला लागतो. हे एकाच शाळेत घडते असे नाही. माध्यम मराठी असो, गुजराती असो वा इंग्रजी, बहुतेक शाळांची हीच रीत आहे.

या अर्जांमागे माया असते, हे आधी मान्य केले पाहिजे. पडून हात मोडेल ही आईची धास्ती खोटी नसते. मुले चिडवतील ही वडिलांची शंका बहुधा अनुभवातून आलेली असते. शिवाय तेवढ्या वेळात गणिताची चार उदाहरणे सोडवून होतील, असा हिशेबही मनात असतो. पण सवलत मंजूर झाल्यावर प्रत्यक्षात काय होते? घंटा होते, वर्ग मैदानाकडे धावतो आणि एक मूल रिकाम्या वर्गात सर्वांची दप्तरे राखत बसते. आठवड्याला दोन तास धरले, तर दहा वर्षांत ते मूल कित्येक शे तास बाकावर बसून मैदानाचा आवाज ऐकते. गणिताचे पुस्तक समोर उघडलेले असते. ते त्याच पानावर उघडे राहते.

कायद्याची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. ‘दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६’ हा एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाला. आधीच्या १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्या कायद्यात ते एकवीस झाले. या कायद्याच्या सोळाव्या कलमात शाळांची कर्तव्ये सांगितली आहेत आणि त्यात अभ्यासाबरोबरच खेळ व मनोरंजनाची संधी इतर मुलांच्या बरोबरीने द्यावी, असे म्हटले आहे. एकोणतिसावे कलम सांस्कृतिक जीवन व मनोरंजनाविषयी, तर तिसावे क्रीडेविषयी आहे. भारताने २००७ साली ज्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली, त्यातही हा हक्क स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. थोडक्यात, पालकांच्या अर्जावर शाळा जी सवलत उदार मनाने देते, तिच्यामुळे मुलाचा एक हक्क मात्र निमूटपणे फाइलबंद होतो. शब्दांची काळजी घेण्यात समाज अलीकडे बराच पुढे गेला आहे. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आले. काहींना तो शब्द सन्मानाचा वाटतो, काहींना उगाच देवत्व चिकटवणारा. नाव कोणतेही ठेवले तरी मूल वर्गातच बसून राहत असेल, तर त्या चर्चेला फारसा अर्थ उरत नाही.

अडचण कदाचित ‘करमणूक’ या शब्दातच असावी. मराठी घरांत हा शब्द हलका मानला जातो. आधी अभ्यास, मग खेळ. आधी काम, मग गाणे. हाच क्रम दिव्यांग मुलाला लावला की त्याचे रूप असे होते: आधी औषध, मग व्यायामोपचार, मग वाचोपचार, मग अभ्यास, आणि यातून वेळ व पैसा उरलाच तर खेळ. तो बहुधा उरत नाही. पुनर्वसनशास्त्राचा इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत पाठीच्या कण्याला गंभीर इजा झालेला सैनिक वाचत नाही, असाच वैद्यकाचा अनुभव होता. कमरेखालचा भाग लुळा पडे, पडून पडून अंगाला खोल जखमा होत, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होई आणि बहुतेक रुग्ण काही महिन्यांत, फार तर दोन-तीन वर्षांत दगावत. तोवर त्यांना वेदनाशामके देऊन शांत ठेवणे, एवढाच उपचार होता. १९४४च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि त्याची सूत्रे डॉ. लुडविग गुटमान यांच्याकडे आली. गुटमान मूळचे जर्मनीतील ज्यू. ब्रेस्लाव शहरात नावाजलेले मेंदुरोगतज्ज्ञ असूनही नाझी राजवटीमुळे १९३९ साली त्यांना कुटुंबासह देश सोडावा लागला होता. ज्याला स्वतःच्या देशाने टाकाऊ ठरवले, त्याच्या हाती वैद्यकाने टाकाऊ ठरवलेले रुग्ण आले, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे.

गुटमान यांनी आधी साध्या गोष्टी केल्या. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची. जखमा होऊ द्यायच्या नाहीत. मूत्रमार्गाची स्वच्छता कडकपणे पाळायची. रुग्ण वाचू लागले. पण वाचून करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. विशी-पंचविशीतली ही मुले छताकडे पाहत पडून असत. गुटमान यांनी रुग्णालयातच कार्यशाळा काढली. कोणी सुतारकाम शिकू लागले, कोणी घड्याळे दुरुस्त करू लागले. त्याबरोबरच त्यांनी खेळ आणले. पहिला खेळ चाकांच्या खुर्च्यांवरून काठ्या घेऊन खेळायचा पोलो होता. तो इतका धसमुसळा ठरला की लवकरच बंद करावा लागला! त्याच्या जागी चेंडू जाळीत टाकण्याचे खेळ आले, टेबल टेनिस आले, आणि धनुर्विद्या आली.

धनुर्विद्येची निवड शोभेसाठी नव्हती. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला खुर्चीत तोल सावरून बसणे, हेच मोठे काम असते. धनुष्य ओढताना खांदे, दंड आणि पाठीचा वरचा भाग एकाच वेळी राबतो. तोल सांभाळल्याशिवाय नेम धरता येत नाही. जे स्नायू पुढे जन्मभर खुर्ची ढकलणार, बिछान्यातून खुर्चीत अंग उचलून ठेवणार, तेच स्नायू येथे घडतात. हाच व्यायाम ‘वीस वेळा हात वर-खाली करा’ असे सांगून करवून घेता आला असता. पण तसा व्यायाम माणूस आठवडाभर करतो आणि कंटाळतो. नेम चुकला की मात्र तो स्वतःहून दुसरा बाण मागतो. उपचाराची अवघी मेख त्या दुसऱ्या बाणात आहे. आणखी एक गोष्ट होती. धनुर्विद्येत खुर्चीतला माणूस उभ्या माणसाशी सरळ बरोबरी करू शकतो. लक्ष्याला दोघांचे पाय दिसत नाहीत.

२९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर सोळा युद्धजखमी स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरली. तिकडे वर्तमानपत्रांचे फारसे लक्ष गेले नसल्यास नवल नाही. १९५२ साली हॉलंडचा संघ आल्याने ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० साली रोममध्ये तेवीस देशांचे सुमारे चारशे खेळाडू उतरले आणि आज ज्याला पॅरालिंपिक म्हणतात, त्या क्रीडोत्सवाची तेथून गणना होऊ लागली. जगभर दूरचित्रवाणीवर पाहिला जाणारा हा सोहळा एका रुग्णालयाच्या उपचारपद्धतीतून जन्मला आहे, हे सहसा लक्षात राहत नाही.

या कथेचा एक धागा सांगली जिल्ह्यापर्यंत येतो. पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यात दाखल झालेले मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना अनेक गोळ्या लागल्या, एक गोळी पाठीच्या कण्यात रुतून राहिली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईत नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात उपचार सुरू असताना त्यांना पोहण्याचा सल्ला मिळाला. तो पदकासाठी नव्हता, उपचार म्हणून होता. पाण्यात शरीराचे वजन पाणीच तोलते. जमिनीवर ओझे झालेले पाय तेथे आड येत नाहीत. १९६८ साली तेल अवीव येथील पॅरालिंपिकमध्ये पेटकर टेबल टेनिस खेळले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर मुक्तशैली पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक मिळवले. पॅरालिंपिकमधले भारताचे हे पहिले सुवर्ण. ती स्पर्धा तेव्हाही अधिकृतपणे ‘एकविसावी आंतरराष्ट्रीय स्टोक मँडेव्हिल क्रीडास्पर्धा’ म्हणूनच भरली होती. पद्मश्री त्यांना मिळाली २०१८ साली. मधली सेहेचाळीस वर्षे त्यांचे नाव किती पाठ्यपुस्तकांत होते, हे येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आठवून पाहावे. २०२४ साली ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपट आला, तेव्हा पुष्कळ मराठी घरांना ते प्रथम कळले.

आतापर्यंतची गोष्ट स्नायूंची झाली. गाणे, नृत्य, चित्र यांचे काम अधिक गूढ वाटते, पण तेही बऱ्याच अंशी समजून घेता येते. पार्किन्सन्सच्या विकारात मेंदूतील डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. हात कापतात, हालचाली मंदावतात आणि चालता चालता पाय अचानक जमिनीला चिकटल्यासारखे होतात. पुढचे पाऊल टाकायची इच्छा असते, शक्तीही असते. पण पाऊल ‘सुरू’ होत नाही. अशा वेळी कोणी शेजारी टाळीचा ठेका धरला, किंवा जमिनीवर आखलेली रेघ ओलांडायला सांगितली, तर तोच पाय सहज उचलला जातो. आतला ताल हरवला असला तरी बाहेरचा ताल मेंदूला दुसऱ्या वाटेने पोहोचतो, असे याचे स्थूल स्पष्टीकरण आहे. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. पुण्यातही नर्तक हृषिकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना नृत्य शिकवले आहे. नृत्याने हा विकार बरा होत नाही. पेशी परत येत नाहीत. पण सत्तरीचे गृहस्थ, ज्यांनी आयुष्यात लग्नाच्या वरातीतही कधी पाय उचलला नसेल, ते आरशासमोर हात पसरून उभे राहतात आणि तासभर तरी ‘रुग्ण’ या ओळखीतून बाहेर येतात. घरी परतल्यावर स्नानगृहाच्या उंबऱ्याशी पाय अडला, तर मनात मात्रा मोजायची युक्ती त्यांच्या हाती असते.

अर्धांगाच्या झटक्यानंतर वाचा गेलेल्या रुग्णांबाबतचा अनुभव तर अनेक घरांत असेल. स्वतःचे नाव सांगता न येणारे आजोबा आरती सुरू झाली की शब्दांसकट म्हणू लागतात. घरच्यांना तो चमत्कार वाटतो. बोलण्याची केंद्रे बहुतेकांच्या मेंदूत डाव्या अंगाला असतात, तर गाण्याच्या कामात उजवे अंगही मोठा वाटा उचलते. डावीकडे इजा झाली तरी गाणे शाबूत राहते, ते त्यामुळे. या निरीक्षणावरून १९७३ साली बोस्टनमधील संशोधकांनी एक उपचारपद्धती मांडली. ‘पाणी हवे’ यांसारखी रोजची छोटी वाक्ये दोन स्वरांत घोळवून म्हणायची, सोबत डाव्या हाताने ठेका धरायचा, आणि हळूहळू सूर कमी करत साध्या बोलण्यावर यायचे. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. नुसती आरती म्हणून वाचा परत येत नाही. आरती ही पाठांतराची साखळी असते. तिच्यातून ‘पाणी’ हा शब्द सुटा काढता येत नाही. तो सुटा करण्यासाठी प्रशिक्षित वाचोपचारतज्ज्ञ, चिकाटी आणि कित्येक आठवडे लागतात. सर्वच रुग्णांना त्याचा सारखा लाभ होतो असेही नाही.

म्हणूनच करमणूक, कलाशिक्षण आणि कलोपचार या तीन गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत. सायंकाळी पत्ते किंवा भेंड्या खेळणे ही करमणूक. तबला शिकणे हे शिक्षण. विशिष्ट अडचण ओळखून, ध्येय ठरवून, प्रगतीची नोंद ठेवत प्रशिक्षित व्यक्तीने केलेला कलेचा वापर हा उपचार. शाळेतील चित्रकलेचे शिक्षक उपचारतज्ज्ञ नसतात आणि त्यांनी तसा आव आणण्याचे कारणही नाही. त्यांचे काम चित्र शिकवण्याचे आहे. ते त्यांनी वर्गातल्या एकूण एक मुलाला शिकवावे, इतकीच अपेक्षा.

पालकांना येथे थोडे सावध करणे भाग आहे. ‘संगीताने स्वमग्नता दूर’, ‘रंगांनी बुद्धीचा विकास’ अशा जाहिराती हल्ली शहरोशहरी दिसतात. थकलेल्या आईवडिलांच्या आशेवर चालणारा हा व्यापार आहे. वस्तुस्थिती अशी की, नऊ देशांतील ३६४ स्वमग्न मुलांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. काही मुलांना नेहमीच्या साहाय्याबरोबर पाच महिने संगीतोपचार दिला गेला, काहींना नाही. स्वमग्नतेच्या लक्षणांची तीव्रता मोजली, तेव्हा दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

हे ऐकून एखादे वडील म्हणतील, मग गाण्याच्या क्लासचे पैसे कशाला भरायचे? हा प्रश्न कान देऊन ऐकण्याजोगा आहे. कारण धाकट्या, निरोगी बहिणीला गाण्याच्या क्लासला घालताना याच वडिलांनी असा पुरावा मागितलेला नसतो. तिला गाणे आवडते, एवढे कारण पुरेसे ठरते. तिच्या कथ्थकने तिचे गुडघे किती सुधारले, तिच्या रांगोळीने तिचे लक्ष किती टक्के वाढले, असे कोणी विचारत नाही. दिव्यांग मुलाच्या बाबतीत मात्र प्रत्येक आनंदाला उपचाराची पावती जोडावी लागते. चेंडू खेळायचा तर हाताच्या पकडीसाठी, माती मळायची तर बोटांच्या बळासाठी. पकड सुधारत असेल तर उत्तमच. गुटमान यांनी ते दाखवूनही दिले. पण ती सुधारली नाही म्हणून चेंडू काढून घ्यायचा काय? मूल हसले, घामाघूम झाले, हरल्यावर रुसले, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, याची नोंद कोणत्या तक्त्यात होत नसली तरी बालपण म्हणतात ते याहून निराळे काही नसते.

कलेविषयी बोलताना शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. बडोद्याच्या श्रोत्यांना ते नाव अगदी परके नसावे. त्यांचे शिष्य के. जी. सुब्रमण्यन यांनी येथील ललित कला शाखेत कित्येक पिढ्या घडवल्या आणि बिनोदबिहारींच्या कन्या, शिल्पकार मृणालिनी मुखर्जी, याच शाखेत शिकल्या. बिनोदबिहारींचा जन्म १९०४चा. जन्मापासून एका डोळ्याची दृष्टी नव्हती आणि दुसऱ्या डोळ्याला फार जवळचेच दिसे. त्यामुळे नेहमीच्या शाळेतले शिक्षण धड झाले नाही. अशा मुलाने चित्रकला शिकायचे ठरवले. कलाभवनात नंदलाल बोस यांना साहजिकच चिंता पडली, की इतक्या अधू दृष्टीच्या मुलाचे येथे पुढे काय होणार? त्यांनी ती रवींद्रनाथांना बोलून दाखवली. रवींद्रनाथांनी उलट विचारले की, मुलगा नियमित येतो का, मन लावून काम करतो का. तसे असेल तर त्याला त्याच्या जागेवरून उठवू नका, पुढचे तो पाहील, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. शाळा चालवणाऱ्या कोणालाही हा प्रसंग विसरता येणार नाही. तेथे प्रमाणपत्र मागितले गेले नाही, सवलतही दिली गेली नाही. जागा मात्र राखली गेली.

त्या जागेवर बसून बिनोदबिहारींनी काय केले, हे शांतिनिकेतनातील हिंदी भवनाच्या भिंतींवर पाहता येते. १९४६-४७ साली त्यांनी तेथे मध्ययुगीन संतांच्या जीवनावर भित्तिचित्र रंगवले. तीन भिंतींवरून माणसांचा तो अथांग ओघ वाहत जातो. एवढे काम एका डोळ्याच्या, आणि तोही अधू, माणसाने केले. पुढे पन्नाशी ओलांडल्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अयशस्वी झाली आणि उरलेली दृष्टीही गेली. त्यानंतर ते शांतिनिकेतनात परतून कलेचा इतिहास शिकवू लागले. हात थांबले नाहीत. कागद कापून चिकटवलेली चित्रे, रेखाटने, मेणाची व मातीची लहान शिल्पे होत राहिली. १९७२ साली कलाभवनाच्या भिंतीवर फरश्यांचे मोठे भित्तिचित्रही त्यांनी घडवले. त्यांचे एकेकाळचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्याच वर्षी त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा लघुपट केला.

बिनोदबिहारींच्या चित्रांना कोणी उपचार म्हणू नये. अंध असूनही चित्रे काढली, म्हणून ती मोठी नाहीत. ती चित्रे म्हणूनच मोठी आहेत. हा फरक न कळल्याने शाळांच्या स्नेहसंमेलनांत नेहमी एक चूक होते. दिव्यांग मुलाला रंगमंचावर आणले जाते, निवेदक गहिवरलेल्या आवाजात त्याच्या व्यंगाचे वर्णन करतो आणि गाणे सुरू होण्यापूर्वीच टाळ्यांचा कडकडाट होतो. गाणे बेसूर झाले तरी टाळ्या तेवढ्याच पडतात. मुलाला हे कळते. मुलांना फार लवकर कळते. त्याचा ‘नी’ उतरला होता, हे त्याला कोणी सांगत नाही, कारण तो गात होता याकडे कोणाचे लक्षच नसते. आनंदवनातील ‘स्वरानंदवन’ या वाद्यवृंदाचे कार्यक्रम ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना ठाऊक असेल की तेथे श्रोता थोड्या वेळाने कलाकारांचे अपंगत्व विसरतो आणि गाण्यात रमतो. त्यामागे तालीम असते.

टाळ्यांवरून एका खेळाचे वैशिष्ट्य सांगण्याजोगे आहे. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९४६ साली ‘गोलबॉल’ नावाचा खेळ निघाला. दोन्ही बाजूंना तीन-तीन खेळाडू, सर्वांच्या डोळ्यांवर पट्टी, चेंडूत घुंगरांसारख्या घंट्या. चेंडू जमिनीवरून घरंगळत येतो आणि त्याचा आवाज ऐकून आडवे पडून तो अडवायचा. हा खेळ चालू असताना प्रेक्षकांनी पूर्ण शांत राहायचे असा नियमच आहे. गोल झाल्यावर मात्र हवा तेवढा गलका करावा.

शाळेच्या मैदानावर काय करता येईल, याला फार मोठ्या निधीची गरज नाही. अंधांच्या क्रिकेटचा चेंडू पांढऱ्या प्लास्टिकचा असतो, आत छर्रे असल्याने तो खुळखुळतो आणि गोलंदाजी हात खालून, सरपटी करतात. अंधांच्या बुद्धिबळात पटावरील काळी घरे किंचित उंच असतात, सोंगट्यांच्या तळाला खुंटी आणि घरांना छिद्र असते, काळ्या सोंगट्यांच्या माथ्यावर टाचणीसारखा उंचवटा असतो. डोळस आणि अंध मूल एकाच पटावर बसू शकते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी ‘बोशिया’ आहे. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले लाल किंवा निळे चेंडू न्यायचे. हाताने फेकता आले नाही तर उतरत्या पन्हळीवरून सोडायचे. गोट्या खेळलेल्या कोणालाही तो दोन मिनिटांत समजेल. चित्रकलेत पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून उंच रेघ काढता येते, शाडूची माती तर प्रत्येक गावात मिळते.

यंदापासून शाळेच्या कार्यालयातील जुना अर्ज बदलण्यात आला आहे. ‘सवलत का हवी’ या रकान्याऐवजी ‘खेळात कोणता बदल हवा’ असा रकाना तेथे आहे. तो भरताना पालकांना डॉक्टरांबरोबरच मुलालाही विचारावे लागेल, आणि मुलांची उत्तरे मोठ्यांच्या कल्पनेपेक्षा नेमकी निघतात. लगोरीत फोडणाऱ्याचे अंतर कमी करावे, असे एकाने सुचवले. दुसऱ्याने, अंतर तेच राहू द्या पण पळायला जोडीदार द्या, असा हट्ट धरला. पाचवीच्या वर्गात खुळखुळणाऱ्या चेंडूचे प्रयोग सुरू आहेत. डोळ्यांवर रुमाल बांधून खेळण्यासाठी मुलांची झुंबड उडते. बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत तोंड मिटून उभे राहायचे, हा नियम मात्र अजून एकाही दिवशी शेवटपर्यंत टिकलेला नाही.